चार दिवस दडवलेला खिळा

माझ्या हाताला डोळे आहेत, असं मी त्या मंगळवारी सकाळी मोठ्या तोऱ्यात बोललो आणि तासाभरात एका घोडीच्या खुरात खिळा कच्च्यात घुसवला. तोंड चालवायची खोड मला पहिल्यापासूनच. बायको म्हणते, तुमचा हातोडा नंतर पडतो, जीभ आधी. मी तिला दरवेळी गप्प बसवतो, पण खोटं काही ती बोलत नाही.

मी नालबंद. आमच्या घरातल्या तीन पिढ्या साताऱ्यात जनावरांच्या पायाशी बसल्या. वडील टांग्यांच्या घोड्यांना नाल मारायचे. टांगे गेले, आता माझ्याकडे शर्यतीचे बैल जास्त आणि घोड्या थोड्या, त्याही बहुतेक लग्नातल्या. मोटरसायकलला हत्यारांची पेटी बांधायची आणि फोन येईल तिकडं सुटायचं, असा माझा धंदा.

ती घोडी फौजींची. फौजी म्हणजे मेढ्याच्या वाटेवरच्या एका गावातले निवृत्त हवालदार. सगळं गाव त्यांना फौजीच म्हणतं, मीही तेच म्हणतो. पेन्शन, थोडा ऊस आणि ही पांढरी घोडी, एवढा त्यांचा संसार. आमच्या भागात लग्न लागण्याआधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात. त्याला परण्या म्हणतात. फौजींची घोडी परण्याला गेली की हलगीच्या ठेक्यावर पुढचे पाय असे उचलायची की नवरदेवाकडं कुणी बघायचंच नाही. शनिवारी लोणंदकडच्या एका गावात परण्या होता, म्हणून नवे नाल मारायला मला बोलावलं होतं.

फौजींची एक सवय मला ठाऊक होती. नाल मारून झाला की ते चारी पाय एकेक करून उचलायचे आणि खिळे मोजायचे. एका नालाला सात म्हणजे सात. साहेब परेड तपासतो ना, तसं. त्यांच्या या मोजणीला मी मनातून लय भ्यायचो, आणि भीती झाकायला बढाया मारायचो. म्हणूनच त्या दिवशी ते हाताच्या डोळ्यांचं बोलून बसलो.

घोड्याचं खूर बाहेरून नखासारखं असतं, आत जिवंत मांस. खिळा नुसत्या नखातून जाऊन बाजूनं बाहेर निघायला हवा. पक्क्या नखात जाताना तो टणटण वाजतो, कच्च्यात गेला की आवाज बसतो. पुढच्या उजव्या पायाच्या पाचव्या खिळ्याला आवाज बसला आणि त्याच क्षणी घोडीनं पाय हिसकला. मी खिळा उपसून अंगठ्यावर पुसला. ओला होता.

अशा वेळी काय करायचं हे वडिलांनी मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. नाल काढायचा, भोकात आयोडीन ओतायचं आणि मालकाला तोंडानं सांगायचं, माझ्याकडनं लागलं. वडील हात जोडून सांगायचे. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मला वाटला. फौजी पाणी आणायला आत गेले होते. भोक रिकामं ठेवलं तर मोजणीत सहा भरणार, आणि मग ते विचारणार. मी त्याच भोकातून खिळा जरा बाहेरच्या अंगाला तिरका करून पुन्हा ठोकला. आवाज टणटण आला. फौजींनी येऊन पाय उचलला, मोजलं, म्हणाले, "सात. एकदम फिट." मी हसलो.

घरी येईपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं की टोक नुसतं टेकलंय, काही होत नाही. बुधवारी फोन आला नाही. मला वाटलं, सुटलो.

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. "आरं, घोडी लंगडतीय. तेच जुनं दुखणं उठलंय. उद्या मॅडम येणार हायत, तू बी ये."

जुनं दुखणं खरंच होतं. त्याच पायाच्या खुरावरचा सांधा थंडीत धरायचा, आणि दोन वर्षं जनावरांच्या डॉक्टर मॅडम तिला त्यासाठी एक खास इंजेक्शन द्यायच्या. फौजींनी लंगडणं बघितलं आणि सरळ त्या सांध्यावर घातलं. माझ्यावर त्यांना संशयसुद्धा आला नाही. मला त्याचंच जास्त भ्या वाटलं.

डॉक्टर मॅडम मूळच्या सांगलीच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायला सरळ. शुक्रवारी सकाळी त्या आल्या तेव्हा घोडी उजवा पाय नुसता टेकवून उभी होती, टाचेवर वजन नाही. मॅडमनी सांधा चाचपला, तो थोडा सुजलाही होता. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"काका, मंगळवारी नाल तुम्हीच मारलेत ना? मारताना काही झालं होतं? खिळा जवळून गेला, असं काही?"

मी म्हणालो, "न्हाई."

फौजी मधेच म्हणाले, "तीस वर्सं ठोकतोय तो मॅडम, त्याचा हात न्हाई चुकायचा." त्यांनी तोंड बंद ठेवलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं, आणि तेही खोटंच आहे.

मॅडमनी खुराच्या वर दोन्ही बाजूंनी बारीक सुईनं औषध सोडलं. हे साध्या भुलेसारखं दोन तासांत उतरत नाही, त्यांनी समजावलं. ते आत हळूहळू सुटत राहतं आणि तेवढाच पाय दोन-तीन दिवस बधिर ठेवतं. बाकी जनावर जागं, खातं-पितं, फक्त त्या पायाला दुखणं कळत नाही. "तेवढ्यात सूज उतरते. पण नीट ऐका, दुखणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला नाही. एरवी दुखतं म्हणून ती पाय जपते. आता तिच्याऐवजी तुम्ही जपायचा. तीन दिवस गोठ्यातून बाहेर काढायची नाही."

"उद्या परण्या हाय," फौजी म्हणाले.

"नाही."

"बरं मॅडम."

पंधरा-वीस मिनिटं गेली. घोडीनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मग पुरं वजन त्या उजव्या पायावर देऊन निवांत उभी राहिली. फौजींचा चेहरा खुलला. त्या पायात खाली काय आहे हे त्या आवारात मला एकट्याला माहीत होतं. आत्तापर्यंत घोडी स्वतः सांगत होती की इथं दुखतंय. आता तिनंही सांगायचं थांबवलं.

मॅडमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी फौजींनी घोडीला एक फेरी मारायला लावली. "चालतीय की झ्याक. दोन फर्लांगाचा तर परण्या. नवरदेवाचा आजा आन् मी एका पलटणीत हुतो, त्याला शब्द दिलाय."

"मॅडम नको म्हणाल्यात, फौजी," मी म्हणालो. एवढंच. माझ्या अंगात तेवढाच दम होता.

"मॅडमला परण्या काय ठावं? तू चल बरोबर, लगाम तू धर. तुझ्या हाताला ती शांत ऱ्हाती."

तिथून मी थेट जुम्म्याच्या नमाजला गेलो. सगळ्यांबरोबर उठलो, बसलो, कपाळ टेकलं, पण दुआला हात उचलल्यावर काय मागावं कळेना. खिळा नखातच असू दे, असं मागितलं. झालेली गोष्ट न झालेली करून मागतोय, म्हणजे माझी अक्कल बघा. घरी ताट समोर आल्यावर बायकोनं विचारलं, "कुनाचं काय बिघडवून आलाय?" मी तिच्यावरच खेकसलो आणि जेवण तसंच ठेवून उठलो.

शनिवारी सकाळी घोडी टेम्पोतून लोणंदकडं गेली, मी मागून मोटरसायकलवर. वाटभर डोक्यात एकच. खिळ्याच्या जखमेतून घोड्याला धनुर्वात होतो, हे नालबंदाच्या पोराला चालता यायच्या आधी कळतं. लहानपणी वडिलांबरोबर गेलो असताना मी एक घोडा धनुर्वातानं जाताना बघितलाय. लाकडासारखा ताठ झाला होता, जबडा मिटलेला, आणि दाराची कडी वाजली तरी सगळं अंग थरथरायचं. त्याचं वर्णन मी अजून कुणापाशी नीट केलेलं नाही.

मांडवापाशी घोडीला झूल घातली, कपाळावर गोंडे बांधले. नवरदेव फेटा आणि बाशिंग सावरत चढला. मग त्याच्या बहिणीनं आपली चार वर्षांची पोर उचलून त्याच्या पुढ्यात बसवली. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरीनं घोडीची आयाळ दोन्ही मुठींत धरली आणि वरून मला विचारलं, "ही पळती का?"

"न्हाई गं बाई," मी म्हणालो.

हलगी सुरू झाली. घोडी नाचायला लागली. मी लगाम आखूड धरून तिला साधं चालवायचं बघत होतो, तर लोक ओरडायला लागले, सोड की रं जरा, नाचू दे तिला. ती उजवा पाय उचलून सिमेंटच्या रस्त्यावर दाणकन आपटायची. प्रत्येक आपटण्याला माझ्या टाळूला झिणझिण्या यायच्या. नीट बघितलं तर ती पाय ठेवतानाच चुकत होती. खूर सपाट न पडता कधी पुढची कड घासायची, कधी बाजू. तिला पाय कुठं टेकलाय तेच कळत नव्हतं. गावाला ती नवी चाल वाटली. एकानं मोबाईल काढून शूटिंग घेतलं.

मी त्या पायावरची नजर काढू शकलो नाही. खुराच्या वरच्या कडेला, केस सुरू होतात तिथं, पाचव्या खिळ्याच्या बरोबर वर, केस ओले दिसले. घाम असेल, मी म्हटलं. बाकीचे तिन्ही पाय कोरडे होते. आतला पू वाट काढत वर आला होता.

देवळाच्या अलीकडं उतार आहे. तिथं घोडीचा उजवा पाय दुमडला. गुडघा जमिनीला टेकला, पोर आयाळीवरून पुढं घसरली आणि नवरदेवानं तिला फ्रॉकला धरून मागं ओढलं. घोडी लगेच उठली. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, मारुतीला नमस्कार केला घोडीनं. हलगीवाल्यानं ठेका वाढवला. पोर रडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती.

मी लगाम दोन्ही हातांनी गच्च ओढला आणि रस्त्यात मधोमध उभा राहिलो. "पोरीला उतरवा," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी असा ओरडलो की हलगी थांबली. "पोरीला खाली घ्या आधी!"

फौजी गर्दीतून पुढं आले. "काय झालं रं?"

"खिळा लागलाय. मंगळवारी. कच्च्यात. मी सांगितलं न्हाई."

फौजींनी आधी पोर उतरवून घेतली, मग नवरदेवाला हात दिला. सगळं सावकाश, शिस्तीत. मग माझ्यासमोर आले. मला वाटलं आता हात उगारणार, आणि उगारला असता तर बरंच झालं असतं.

"काल मॅडमनी इचारलं तवा मी तुझ्या बाजूनं बोललो," ते म्हणाले. "गड्या, तिला बोलता येत न्हाई. म्हणून तर तुला बोलावतो."

नवरदेव भाचीला खांद्यावर घेऊन चालत देवळाकडं गेला. हलगी पुढं निघून गेली. मी घोडीला रस्त्याकडेला एका घराच्या पडवीत घेतली आणि मोटरसायकलवरची पेटी आणवली. फौजींनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, नाल काढून ठेवा, मी निघाले. पाचवा खिळा निघाला आणि त्याच्यामागून काळं पाणी आलं. वास असा की घरमालकिणीनं पदर नाकाला लावला. भोक मोकळं करायला मला रापीनं आत, पार मांसापर्यंत, कोरावं लागलं. एवढं कोरल्यावर एरवी कुठल्याही घोडीनं मला आडवा केला असता. ही जागची हलली नाही. दोन्ही कान देवळाकडं लावून हलगी ऐकत होती. जिवंत जनावराचं मांस कोरतोय आणि त्याला पत्ता नाही, याच्याएवढी भयंकर गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. मी रापी मागं घेतली तेव्हा फौजींनी माझं मनगट धरलं, आणि मी पुढं कोरलं.

मॅडम आल्या. जखम धुतली, औषध भरलं, पट्टी बांधली, धनुर्वातावरचं इंजेक्शन दिलं. यंदाची धनुर्वाताची लस द्यायची राहिली होती, हे फौजींनी स्वतःहून कबूल केलं. मग मॅडमनी मला विचारलं, "काल मी विचारलं होतं ना काका?"

"व्हय."

"तुम्ही हो म्हणाला असता तर मी ते औषध दिलंच नसतं. नाल काढून खूर उघडलं असतं." त्या चिडून बोलल्या असत्या तर मलाही चिडता आलं असतं. "आता वाट बघायची. दोन-तीन आठवडे तरी."

त्या दिवसांत मी रोज सकाळी साताऱ्याहून फौजींच्या गावाला जायचो. त्यांनी या म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. खिशात मूठभर लसूणघास न्यायचो. घोडीच्या तोंडापुढं धरायचो आणि जबडा उघडतोय का बघायचो. कान ताठ झालेत का, शेपूट उचललेली आहे का, डोळ्याच्या कोपऱ्यातून पडदा आत सरकतोय का, सगळं बघायचो. तिसऱ्या दिवशी पायातली भूल उतरली आणि ती कण्हायला लागली. मॅडमनी दुखण्याची साधी औषधं दिली. फौजी पट्टी बदलायचे, मी पाय धरायचो.

एका सकाळी तिनं घास तोंडात घेतला आणि चावलाच नाही. तसाच ओठांत धरून उभी राहिली. मी घरात पळत गेलो, "फौजी, जबडा धरला, जबडा धरला," आणि दारातच खाली बसलो. ते आतून आले, घोडीजवळ गेले, तिचं तोंड उघडून बोट आत घातलं. मग म्हणाले, "पोट भरलंय तिचं. आत्ताच टोपलीभर खाल्लंय." मला हसूही येईना आणि उठताही येईना. घरी गेल्यावर बायकोपाशी मी लहान पोरासारखा रडलो. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला शुक्रवारी सांगितलं असतं तर मीच फोन केला असता फौजींना." आणि तिनं केला असता.

शेवटी मॅडमनी येऊन तिला अंगणात चालवलं, खूर दाबून बघितलं आणि म्हणाल्या, आता धोका टळला म्हणायला हरकत नाही. फौजींनी मान हलवली आणि घोडी आत नेली. मी उगाच तिथं थोडा वेळ थांबलो, मग निघालो. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. त्यांचा फोनही आला नाही. हे गिऱ्हाईक आपलं गेलं, असं मी धरून चाललो.

तीन-साडेतीन महिन्यांनी, ऊसतोड संपत आली होती तेव्हा, माझ्या दारात टेम्पो थांबला. फौजी उतरले, मागून घोडी. खूर वाढेल तसं जखमेचं भोक खाली उतरून गेलं होतं. त्यांनी तिला माझ्या लिंबाला बांधली आणि म्हणाले, "ठोक."

मी म्हणालो, "फौजी, दुसरा कोन बघा. लोणंदला हाय एक चांगला."

"बघितला. हात बरा हाय त्याचा. पण त्यानं खिळा घुसवला तर तो मला किती दिसांनी सांगंल, हे मला ठावं न्हाई. तुझं ठावं हाय. तुला चार दिस लागत्यात." ते माझ्यासमोरच उकिडवे बसले. खिळे मोजायला शेवटी येतात तसे नाही, सुरुवातीलाच. "ते आता एका मिंटावर आन."

मी पाय गुडघ्यांत घेतला. खूर तासलं, नाल बसवून बघितला, कानस फिरवली. पहिला खिळा भोकात ठेवला आणि हातोडा वरच राहिला.

"फौजी, मला भ्या वाटतंय," मी म्हणालो.

"वाटू दे," ते म्हणाले. "ठोक."